जमिनीलगत

हार्ड डिस्कमधून टक् असा आवाज आला आणि आदिनाथ खुर्चीसकट भिंतीपासून लांब सरकला. सरकल्यावर त्याला स्वतःचाच राग आला. पन्नाशी उलटलेला माणूस, लातूरच्या मोठ्या क्लासमध्ये पोरांना फिजिक्स शिकवणारा, चौकातल्या होर्डिंगवर ज्याचा कोट घातलेला फोटो, तो तळहाताएवढ्या काळ्या डबीला भिऊन मागं सरतो. आवाज पुन्हा आला. टक्, मग जरा दम खाऊन परत टक्. पडद्यावर फोल्डर उघडता उघडत नव्हता, नुसतं गोल गोल फिरत होतं. बाहेर क्लास सुटलेली पोरं सायकलींच्या घंट्या वाजवत चालली होती, समोरच्या मेसवाल्यानं फोडणी दिली होती, आणि या सगळ्या गावाला आदिनाथच्या डबीशी काही देणंघेणं नव्हतं. डबीत त्याची कित्येक वर्षांची लेक्चरं होती. ती गेली असती तर तो हसला असता. क्लासच्या मालकानं ती आधीच आपल्या नावानं विकून खाल्ली होती. पण त्याच डबीत 'माय' नावाचा एक फोल्डर होता आणि त्यात एकच फाईल होती. ती दुसरीकडं कुठंही नव्हती. परक्या कंपनीच्या 'क्लाउड' नावाच्या कुठल्यातरी आभाळात आपल्या आईचं रडणं ठेवायचं नाही, हे त्यानं तेव्हाच ठरवलं होतं. आणि एकदा ठरवलं की मोडायचं नाही, हा त्याच्या घराण्यातला गुण की खोड, ते ज्याचं त्यानं बघावं.

आवाज करणारी गोष्ट एक दिवस पडते, हे त्याला पुस्तकात वाचून कळलेलं नव्हतं. भूकंपाच्या आधी वर्षभर गावाखालची जमीन आवाज करत होती. आधी खोल कुठंतरी गुडगुड, मग धडाका, मग चुलीमागची भांडी एकमेकांना लागून किणकिणायची. पहिल्यांदा लोक घाबरून रानात झोपायला गेले. साहेब आले, बघून गेले, भिण्यासारखं काही नाही म्हणाले. मग थंडी पडली, पिकं निघाली, लोक घरात परत आले आणि आवाजाची सवय झाली. माणूस कशाचीही सवय करून घेतो, गाढवासारखा. आदिनाथ तेव्हा लातूरला खोली करून कॉलेजात शिकत होता. सुट्टीला गेला की अर्धवट शिकलेल्या पोराच्या तोऱ्यात बापाला सांगायचा, "आप्पा, बाहेर झोपत जावा." आप्पासाहेब, म्हणजे त्याचे वडील, मिशीवरून हात फिरवायचे. घर त्यांनी स्वतःच्या हातानं बांधलं होतं. गवंडी नुसता चिलीम ओढायला होता म्हणत. दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती, वर माळवद, आणि दर वर्षी पावसाच्या तोंडावर माळवदावर नवी पांढरी माती. म्हणजे छत दर वर्षी आणखी जड. "दगड मी बसवलाय," आप्पा म्हणायचे, "मला इचारल्याबिगर हलत न्हाई." गणपती उठले त्या पहाटे दगडांनी त्यांना विचारलं नाही. आप्पा आणि धाकटी बहीण पारू घरात होते. म्हैस व्यायला झाली होती म्हणून माय गोठ्याच्या पत्र्याखाली बसून होती, म्हणून माय राहिली.

आदिनाथ गावात पोचला तेव्हा पावसात एकत्र चिता पेटवून झाल्या होत्या. त्याला आप्पा दिसले नाहीत, पारू दिसली नाही. जे झालं ते एकट्या मायनं पाहिलं होतं, आणि माय बोलत नव्हती. विचारलं की पदर खोचून पाणी आणायला निघून जायची. वर्षं गेली, त्यानंही विचारणं सोडलं. मग लॉकडाऊनमध्ये क्लास बंद पडले, मालकानं घरूनच शिकवा म्हणून मास्तरांना कॅमेरे पाठवले, आणि त्याच दिवसांत माय लातूरला अडकली. एका दुपारी ती त्याच्या मागच्या खोलीत आली, मागं फळ्यावर अर्धवट पुसलेली गणितं असताना त्याच्या खुर्चीवर बसली, म्हणाली, "त्ये यंत्र चालू हाय का? मंग लाव. एकदाच सांगते." आणि सांगायला लागली. आपल्या दारातून निघालं की काय लागतं, शेजारच्या गुरम्माची भिंत कुठल्या अंगाला पडली, कोण कुठून हाका मारत होतं, आप्पा कसे निघाले, पारू कशी निघाली. आदिनाथ काय करत होता? मायचं डोकं चौकटीच्या वर जात होतं म्हणून तो स्टँड वर घेत होता. मेसवाल्याच्या मिक्सरचा आवाज आत येतो का ते बघत होता. पारूच्या अंगावर कोणतं पोलकं होतं, त्या पोलक्यावरून तिला कशी ओळखली, हे माय सांगत असताना कॅमेऱ्यात बॅटरीचा तांबडा दिवा लुकलुकायला लागला आणि तो वायर शोधायला टेबलाखाली वाकला. ऐकायचं काम त्यानं यंत्राला दिलं होतं. माय थांबली तेव्हा तिचा आवाज कोरडा ठणठणीत होता. "झालं. आता परत इचारायचं न्हाई. मी मरंस्तवर न्हाई. जपून ठिवशील?" "हाव माय." त्या दिवशी तिनं भाकरी पोटभर खाल्ली आणि दुपारची गाढ झोपली, जे ती कधी करत नसे. आणि आदिनाथनं ती फाईल पुन्हा कधी उघडली नाही. आहेच की, बघू सुट्टीत. जपून ठेवलेली गोष्ट रोज थोडीच बघायची असते.

"मग दुसरी आणा ना डबी. त्यात काय एवढं तोंड पाडायचं?" त्याची बायको सौदामिनी म्हणाली. ती दारात उभी होती, हातात ओल्या कपड्यांचं पिळलेलं ओझं. सौदामिनी नांदेडची, मास्तरांच्या घरातली, चार खोल्यांत भरपूर पुस्तकं आणि भरपूर भांडी बघत वाढलेली. लग्नात आईनं तिला पितळेचे डबे दिले, तांब्याची घंगाळं दिली, मांडणीवर ओळीनं लावायला. ती भांडी आजतागायत जमिनीवर होती. कारण या घरात डोक्याच्या वर काही ठेवायचं नाही, असा आदिनाथचा कायदा होता. माळा नाही, भिंतीत फळी नाही, पलंगावर छताचा पंखा नाही. लातूरच्या उन्हाळ्यात टेबलफॅन लावून झोपायचं आणि रात्रभर कूस बदलायची. सुरुवातीला तिला दया आली होती. मग सवय झाली. मग कंटाळा, आणि आता कित्येक वर्षं नुसता राग होता, चांगला मुरलेला. पोळ्या लाटायला वाकताना, डाळीचा डबा काढायला वाकताना, प्रत्येक वाकण्याला ती मनातल्या मनात नवऱ्याच्या नावानं बोटं मोडायची, आणि हे आदिनाथला माहीत होतं. "डबी नको," तो म्हणाला. "पक्कं काहीतरी करायचंय. दोन डिस्क असलेलं. एक गेली तरी दुसरीत राहतं. घरगुती सर्व्हर म्हणतात त्याला." "मग रेणुकादासला विचारा." हे ती म्हणणार, हेही त्याला माहीत होतं.

रेणुकादास तिचा धाकटा भाऊ. नांदेडात त्याचं मोठं दुकान, बँकांना आणि दवाखान्यांना कॉम्प्युटर पुरवायचा. गोरा, गुळगुळीत, हसताना डोळे न हसणारा माणूस. दोघं तिथं गेली तेव्हा त्यानं काचेच्या टेबलावर मिठाईच्या खोक्याएवढी काळी पेटी ठेवली आणि तिच्यावर बोटं वाजवली. "दाजी, कशाला डोकं शिणवून राहिले? तयार घ्या. समोरून झाकण उघडायचं, दोन डिस्क सरकवायच्या, बटन दाबायचं, विसरून जायचं." विसरून जायचं हा शब्द आदिनाथला खड्यासारखा लागला. तो म्हणाला, "आणि पेटीच बिघडली तर?" "कंपनी बदलून देते." "आतल्या डिस्क दुसऱ्या पेटीत चालतात?" "त्याच कंपनीच्या चालतात." "म्हणजे माझी वस्तू, आणि किल्ली कंपनीकडं." रेणुकादासनं चहा ढवळला. "मग तुम्ही काय करणार? जुनं कॅबिनेट आणणार, मदरबोर्ड आणणार, फुकटचं सॉफ्टवेअर टाकणार, रात्रंदिवस स्क्रू पिळत बसणार. करा. तुम्हाला येतं, मला माहीत आहे. पण एक सांगा दाजी, राग मानू नका. उद्या तुम्ही नाही राहिलात तर? ताईला उघडता येईल का ते? तुम्ही जोडलेलं तुमच्याशिवाय कोणाला कळणार?" राग मानू नका म्हणणारा माणूस राग यावा म्हणूनच बोलतो. आदिनाथनं बायकोकडं बघितलं. ती बिस्किटाचा तुकडा चहात बुडवत होती. "मला नाही उघडायचं काही," ती म्हणाली. भाऊ-बहीण एकमेकांकडं बघून हसले नाहीत, पण हसल्यासारखं काहीतरी त्या काचेच्या टेबलावरून सरकून गेलं.

परतीच्या बसमध्ये त्यानं खिडकीकडं तोंड केलं आणि लोह्यापर्यंत बायकोशी बोलला नाही. तयार पेटी म्हणे. तयार म्हणजे काय असतं ते त्यानं पाहिलं होतं. भूकंपानंतर सरकारनं आणि मोठ्या मोठ्या संस्थांनी गावापासून लांब माळावर नवं गाव उभं केलं, एकदम तयार. पट्टीनं ओढल्यासारख्या ओळी, सगळी घरं एका मापाची, सगळी दारं एका तोंडाची, दारावर आकडे. फीत कापली, किल्ल्या वाटल्या, फोटो निघाले. गुरम्मा, जिच्या भिंतीला मायची भिंत होती, जी भिंतीवरून कालवणाची वाटी द्यायची, ती गेली गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. आता वाटी घेऊन निघालं की पोचेपर्यंत कालवण गार. पहिल्या वर्षी माय दोनदा दुसऱ्याच घरात शिरली. मग तिनं आपल्या दाराला जुन्या गोठ्यातली घंटा टांगली. आणि कुणीच त्या घरांत झोपलं नाही. घरापुढं पत्रे ठोकले आणि लोक पत्र्याखाली झोपले. सिमेंटच्या घरात ज्वारी झोपली. तर असं ते तयार. भक्कम होतं, कुणी नाकारत नाही, पडणार नव्हतं. पण ते कुणाचंच नव्हतं. बसच्या सीटला डोकं टेकून आदिनाथ विचार करत राहिला, आणि जितका करत गेला तितका त्याच्या रागाचा काटा फिरत गेला. कारण दुसरीकडं आप्पांचा हात होता. आपल्या हातानं केलेलं. प्रत्येक दगड ओळखीचा, प्रत्येक खाच ठाऊक. आणि त्या ओळखीच्या दगडांनीच काम केलं. तयार घरानं मायची गल्ली खाल्ली, हातच्या घरानं पारू खाल्ली. आता या दोन्हींतून निवड म्हणतो तो गुळगुळीत मेहुणा, चहा ढवळत.

शेवटी त्यानं स्वतः जोडायचं ठरवलं. का, असं कुणी विचारलं असतं तर त्यानं तासभर पटवून सांगितलं असतं: कुठलाही भाग बदलता येतो, डिस्क काढून कुठल्याही मशीनला लावता येते, कुणाच्या कंपनीची मिन्नतवारी नाही. सगळं खरं. पण खरं कारण एवढंच की रेणुकादासनं नको म्हटलं होतं. सूडापोटी माणूस किती नीट काम करतो ते बघण्यासारखं असतं. त्यानं चंद्रप्पाच्या दुकानातून, जिथं बंद पडलेल्या क्लासांचे कॉम्प्युटर मोडीत यायचे, लोखंडी पत्र्याचं जाड कॅबिनेट आणलं. पंखे नवे, वायरी नव्या, डिस्क नव्या करकरीत दोन. एक लिहिते ते दुसरी जशीच्या तशी उतरवून घेते, आरशासारखं. आठवडाभर क्लासहून आला की बाही वर करून बसायचा. स्क्रू पिळताना त्याला आपली बोटं दिसायची: बुटकी, रुंद, अंगठ्याचं नख पसरट. आप्पांची बोटं. बाप मेला आणि हात माझ्याकडं ठेवून गेला, असं त्याच्या मनात आलं, आणि त्यानं पीळ इतका जोरात दिला की स्क्रूचं डोकंच घासून गेलं. तो स्क्रू मग तसाच राहिला, ना निघेना ना बसेना. क्लासमध्ये तो पोरांवर खेकसायचा, तयार नोट्स पाठ करू नका, स्वतः सोडवा, चुका, मग कळेल. पोरं माना डोलवायची आणि बाहेर जाऊन तयार नोट्स विकत घ्यायची, ज्यांच्यावर त्याचाच फोटो असायचा.

मशीन ठेवायचं कुठं, हा प्रश्न त्याला पडलाच नाही. मागच्या खोलीत. कारण सगळ्या घराला स्लॅब आणि त्या एकाच खोलीला पत्रा. पत्रा पडला तरी यंत्राला फार तर पोचा येईल. खोली बाकी घरापेक्षा पायरीभर खोल, कोपऱ्यात मोरी. आणि खोलीत कुठं? जमिनीवर, भिंतीशी. जे जमिनीवर असतं ते पडत नाही, हे सांगायला फिजिक्सचा मास्तर लागत नाही. "निदान पाट घाला खाली," सौदामिनी म्हणाली. "पाट हलतो," तो म्हणाला. तिनं आणलेला पाट परत नेला. तिनं म्हणायचं कधीच सोडलं होतं. टक् टक् करणाऱ्या जुन्या डबीतून 'माय' हा फोल्डर उतरवताना तो श्वास धरून बसला होता. उतरला. नंतर दोन दिवसांनी डबी कायमची गप्प झाली, जणू तेवढ्यासाठीच थांबली होती. सौदामिनी म्हणाली, "बघा तरी चालतंय का." "चालतंय. आकार बरोबर आलाय फाईलचा." "आकार बघून काय कळतं? लावून बघा." पण ते लावायचं म्हणजे ऐकायचं, आणि ऐकायचं म्हणजे टेबलाखाली वाकलेल्या त्या वेळेपर्यंत परत जायचं. तो म्हणाला, "बघू सुट्टीत." दोन डिस्क आहेत. एक गेली तरी दुसरी आहे. त्या रात्री, कित्येक वर्षांनी, त्याला गाढ झोप लागली, मायला त्या दुपारी लागली होती तशी.

आता लातूरच्या पाण्याचं कुणाला सांगायची गरज नाही. नळ आठ दिवसांनी येईल, दहा दिवसांनी येईल, पहाटे येईल, भर उन्हात येईल. म्हणून घराघरात एक नळ सोडूनच ठेवायचा, खाली टिपाड लावून. पाणी यायच्या आधी नळातून वारा येतो, सूं सूं करतो. तो आवाज ऐकला की झोपेतला माणूसही बादल्या घेऊन धावतो. आदिनाथच्या घरात तो नळ मागच्या खोलीच्या मोरीत होता. वर्षानुवर्षं तिथंच. नळ सोडणं तिथं गुन्हा नव्हता, नळ बंद ठेवणं गुन्हा होता. बंद ठेवला आणि पाणी येऊन गेलं तर घरात आठ दिवस भांडण. पावसाळा संपता संपता रेणुकादासच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत निघाली. तयार फ्लॅट, सातव्या मजल्यावर, छताला डोक्यावर झुंबर. आदिनाथ जेवणाच्या पंगतीत झुंबराखालून उठून कोपऱ्यात बसला आणि मेहुण्यानं ते बघितलं. "काय दाजी, चालतंय का तुमचं घरचं मशीन?" "चालतंय." "बरंय. हौसेला मोल नाही." आदिनाथनं जिलबीचा तुकडा तोंडात घातला आणि त्याला बरं वाटलं, खरोखर बरं, आपण जिंकलो आहोत आणि याला अजून कळलेलं नाही, असं. सौदामिनीनं एक रात्र राहायचा हट्ट केला. राहिले. नळाला पाणी येऊन अजून चारच दिवस झाले होते, पाळी लांब होती.

पाणी आलं होतं. धरण भरलं म्हणून, की कुणी पुढारी येणार म्हणून, कोण जाणे. पाळी नसताना आलं, आणि धो धो आलं, बराच वेळ. वरच्या खोल्यांत भाड्यानं राहणाऱ्या क्लासच्या मुलींना आवाज ऐकू आला होता. त्यांना वाटलं काकू कपडे धुतायत. मोरीच्या भोकातून घुशी येतात म्हणून सौदामिनीनं जाताना तिथं बोळा घट्ट कोंबला होता. गावाला जाताना कोंबायचाच, हाही एक कायदा. टिपाड भरलं, मोरी भरली, आणि पायरीभर खोल खोली शांतपणे भरत गेली. दुसऱ्या दिवशी परत येऊन दार उघडलं तेव्हा आदिनाथच्या चपला पाण्यावर तरंगत दाराशी आल्या. कॅबिनेटचा खालचा अर्धा भाग पाण्यात होता, आणि डिस्क खालच्याच अर्ध्या भागात होत्या. कारण जड वस्तू खाली बसवायची, म्हणजे तोल राहतो. हे आप्पा म्हणायचे. ज्या शहराला पाणी रेल्वेनं आणावं लागलं होतं, त्या शहरात त्याच्या घरात महापूर आला, आणि तोही फक्त एका खोलीत. तो हसला. मग त्यानं बोळा उपटून फेकला.

त्यापुढं त्यानं जे केलं ते कुठल्याही बाईनं भिजलेल्या ज्वारीचं केलं असतं. डिस्क काढल्या, पुसल्या, गच्चीवर उन्हात कपड्यावर वाळत घातल्या. दोन दिवस वाळवल्या. बाहेरून कोरड्या खडखडीत. मग त्याला धीर निघेना, एक लावली. टक्. मग खरडल्यासारखा लांब आवाज. ती काढून दुसरी लावली, जिच्यात तेच जसंच्या तसं होतं. तिनंही तोच आवाज केला, जसाच्या तसा. फोनवर रेणुकादास एवढंच म्हणाला, "ओल्या डिस्कला करंट दिला, दाजी?" तो काही लागट बोलला असता तर बरं झालं असतं. त्यानंच हैदराबादच्या एका माणसाचा पत्ता दिला. त्या माणसानं उघडून बघितलं, तबकड्यांवर ओरखडे ओढले गेलेत, यातून काही निघत नाही, असं सांगून डिस्क परत पाठवल्या. आदिनाथ पार्सल मांडीवर घेऊन बसला होता. "तयार पेटी घेतली असती तर," तो म्हणाला, अर्धंच. सौदामिनी पुढ्यातला भात कालवत होती. "तयार घेतली असती तरी तुम्ही ती खालीच ठेवली असती," ती म्हणाली. तिनं ते रागानं म्हटलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचीच त्याला भीती वाटली. जेवण झाल्यावर ती उठली, पितळेचे डबे एकेक करून पुसले, आणि शेजारणीकडून उसनं स्टूल आणून फ्रिजच्या वर, त्याच्या डोक्याच्या वर, ओळीनं लावून ठेवले. तो बघत राहिला.

रविवारी तो गावाला गेला. नव्या गावाला, जुनं गाव म्हणजे आता बाभळी. बसमध्ये त्यानं ठरवलं की मायला सगळं सांगायचं आणि पाया पडून म्हणायचं, एकदाच परत सांग. फोन पूर्ण चार्ज करून घेतला होता. मनातल्या मनात तो मायला शिव्याही देत होता: एकदाच सांगते म्हणे, आयुष्यभर कोंडून ठेवलं आणि एका दुपारी माझ्या अंगावर टाकून मोकळी झाली. आणि स्वतःला त्याहून घाण शिव्या. सगळी घरं एका मापाची, एका तोंडाची. घंटा दिसली तेव्हा तो थांबला. माय दारापुढच्या पत्र्याखाली बसली होती, मांडीपाशी सूप, सुपात तूर. ती खूप वाळली होती. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि क्षणभर, फार तर एक क्षण, तिला तो कोण ते कळलं नाही, हे त्याला दिसलं.

"आलास? खाल्लंस का काई?"

"खाल्लं." तो शेजारी पोत्यावर बसला. फोन खिशात मांडीला लागत होता. माय खडे निवडत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "आदिनाथ, त्ये जपलंस न्हवं?"

"काय?"

"त्येच. मी सांगितल्यालं. यंत्रात."

पत्र्यावर कावळा चालत होता, नखं वाजत होती. आदिनाथनं तोंड उघडलं. "हाव," तो म्हणाला.

"बरं केलंस." तिच्या खांद्यांतून काहीतरी सुटल्यासारखं झालं. "मला आता लई काई याद न्हाई राहत. सकाळचं न्हाई, कालचं न्हाई. आन् त्येबी जाऊन राहिलंय, एक एक. आधी लई भ्या वाटायचं. म्हटलं मी इसरले तर पारूला कोण हाय. आता म्हणते, जाऊ दे. पोरानं ठिवलंय." तिचा हात सुपावर थांबला. "त्येवढं एक सांग बरं. सकाळधरनं आठवून राहिले, येईना. पारूच्या अंगात पोलकं कोणत्या रंगाचं व्हतं रं? मी सांगितलं व्हतं तुला."

टेबलाखालची धूळ, वायरींचा गुंता, आणि वर कुठंतरी मायचा आवाज. तेवढंच त्याला आठवत होतं. वर्गात आडवा प्रश्न आला आणि उत्तर येत नसलं तर आवाज खाली जाऊ द्यायचा नाही, हे तो इतक्या वर्षांत शिकला होता.

"हिरवं," तो म्हणाला.

मायनं डोळे मिटले. ओठ हलले. मग तिनं दोनदा मान डोलवली.

"हिरवं," ती म्हणाली. "व्हय की. हिरवंच व्हतं." आणि सूप पुन्हा हातात घेऊन ती तूर पाखडायला लागली.